शेपटाची लांबी आणि शेपटाचा बाक : लिपिड हातानं करून समजून घेण्याची रीत

मिसळीची तर्री वाटीत दहा मिनिटं न हलवता ठेवा. लाल तेल वर येईल, रस्सा खाली राहील. वरचं चमचाभर तेल काढून ग्लासभर पाण्यात टाका आणि जोरात ढवळा. पाणी लाल होत नाही, त्यावर लाल ठिपके फिरत राहतात. मिरचीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीतच. म्हणूनच तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, दही लागतं.

लिपिडची व्याख्याही याच जातीची आहे. ती रचनेवरून केलेली नाही, वागण्यावरून केलेली आहे. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या माळा, पण लिपिड कशाचीच माळ नाही. जे पाण्यात विरघळत नाही आणि ईथर किंवा क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळतं, ते लिपिड. त्यामुळे तूप, मधमाशीचं मेण, कोलेस्टेरॉल, ड जीवनसत्त्व आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन ही एकमेकांशी फारसं न जुळणारी मंडळी एकाच घरात नांदतात. पाठांतराला हा धडा अवघड वाटतो तो यामुळेच. तो पाठ करण्यापेक्षा हातानं करून पाहिलेला बरा. खालचे प्रयोग अकरावी-बारावीच्या मुलांना घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतात. त्यातला साबणाचा तेवढा मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय करू नका.

आधी तार वाकवा

१ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची तार घ्या. १ सेंटिमीटर म्हणजे एक कार्बन, असं माप धरा. १२, १६ आणि १८ सेंटिमीटरचे प्रत्येकी तीन तुकडे सरळ कापा. ही अनुक्रमे लॉरिक, पामिटिक आणि स्टिअरिक ही मेदाम्लं, तिन्ही संपृक्त, म्हणजे शेपटात एकही दुहेरी बंध नसलेली. प्रत्येकाच्या एका टोकाला मण्याएवढा मातीचा गोळा लावा. तो कार्बोक्सिल गट, म्हणजे पाणी आवडणारं डोकं. बाकीची तार म्हणजे पाण्याला पाठ फिरवणारं शेपूट.

आता १८ सेंटिमीटरचे आणखी तीन तुकडे घ्या. डोक्याकडून मोजत नवव्या आणि दहाव्या सेंटिमीटरच्या मध्ये तार साधारण ३० अंशांत वाकवा. हे ओलेइक आम्ल, आणि बाकाची जागा म्हणजे दोन कार्बनमधला दुहेरी बंध. शेंगदाणा तेलातला सगळ्यात मोठा वाटा याचाच असतो. अजून तीन तुकड्यांना नवव्यापाशी आणि बाराव्यापाशी असे दोन बाक द्या, ते झालं लिनोलेइक. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात हे सुमारे तीन चतुर्थांश असतं.

प्रत्येक प्रकारच्या तीन तारा एकत्र धरून रबरबँड लावा. सरळ तारांची जुडी घट्ट बसते, वाकलेल्यांची फुगते. एवढं दिसलं की निम्मा धडा झाला. शेपटं शेजारी-शेजारी चिकटून बसली तर त्यांना सोडवायला जास्त उष्णता लागते आणि चरबी घट्ट राहते. बाकामुळे जवळ येताच आलं नाही तर ती पातळ राहते. स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळतं, ओलेइक १३ ते १४ अंशांना, लिनोलेइक उणे ५ च्या आसपास. कार्बन तिघांतही अठराच.

इथे चूक होते ती बाकाच्या कोनात. मुलं तार काटकोनात वाकवतात आणि मग जुडीच बांधता येत नाही. दुसरी चूक म्हणजे दुहेरी बंध आला की बाक आलाच, असं समजणं. बाक येतो तो सिस बंधाला, म्हणजे ज्यात शेपटाचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला असतात त्याला. ट्रान्स बंधात ते विरुद्ध बाजूंना असतात आणि शेपूट जवळजवळ सरळच राहतं. वनस्पती तूप करताना तेलात अर्धवट हायड्रोजन भरला की काही सिस बंध उलटून ट्रान्स होतात. असं मेद असंपृक्त असूनही संपृक्तासारखं घट्ट बसतं आणि हृदयाला त्याहून वाईट ठरतं. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या अशा ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्के आहे.

अशी तीन मेदाम्लं एका ग्लिसरॉलला जोडली की ट्रायग्लिसराइड होतं. तीन एस्टर बंध (आम्ल आणि अल्कोहोल यांना जोडणारे) तयार होतात आणि पाण्याचे तीन रेणू बाहेर पडतात. डब्यातलं तेल आणि पोटावरची चरबी दोन्ही हेच. या जोडणीत तिन्ही डोकी बांधली जातात, म्हणून ट्रायग्लिसराइडला पाण्याचं अजिबात वावडं. साठ्याला हे सोयीचं पडतं. १ ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी मिळतात, कर्बोदकातून ४, आणि ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेलं कर्बोदक, वर स्वतःच्या दुपटीहून जास्त पाणी धरून बसतं. १० किलो चरबीतली ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात वागवायची तर पाण्यासकट ६० किलोच्या वर ओझं होईल. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर हिवाळ्यात उतरणारी बदकं हिमालय ओलांडून येतात ती चरबी जाळत. ग्लायकोजेन घेऊन निघाली असती तर उडालीच नसती.

थंडीची चाचणी

निफाडचा पारा पाच-सहा अंशांखाली उतरतो तेव्हा या प्रयोगाला फ्रिजही लागत नाही, पण फ्रिजमध्ये तापमान स्थिर राहतं म्हणून तोच वापरा. सारख्या काचेच्या पाच बाटल्यांत प्रत्येकी २० मिली खोबरेल तेल, साजूक तूप, वनस्पती तूप, शेंगदाणा तेल आणि करडई तेल घ्या. सगळं कोमट पाण्यात पूर्ण पातळ करून बाटल्या ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी, मग रात्रभरानंतर पाहा.

खोबरेल, तूप आणि वनस्पती गोठतात. शेंगदाणा तेल गढूळ आणि दाटसर होतं. करडई स्वच्छ राहतं. मग बाटल्या बाहेर काढून पाण्याच्या भांड्यात ठेवा, पाणी हळूहळू तापवा आणि कोणतं कधी वितळतं ते थर्मामीटरवर टिपा.

इथे प्रश्न पडायलाच हवा. खोबरेल तेलात संपृक्त मेदाम्लं सुमारे ९० टक्के, तुपात ६० ते ६५. मग खोबरेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं आणि तुपाला त्याहून जास्त उष्णता का लागते? तारांकडे परत या. खोबरेलमधलं जवळपास निम्मं मेदाम्ल १२ कार्बनचं लॉरिक आहे, म्हणजे सरळ पण आखूड. तुपात १६ आणि १८ कार्बनची लांब शेपटं बरीच आहेत. एकमेकांना धरायला जितकी जास्त लांबी, तितकी पकड घट्ट. ‘संपृक्त म्हणजे घट्ट’ एवढंच पाठ केलेला मुलगा या प्रश्नावर अडतो.

तुपाला एकच वितळबिंदू मिळत नाही, कारण ते कित्येक प्रकारच्या ट्रायग्लिसराइडांचं मिश्रण आहे. ते सावकाश गार झालं की कणीदार होतं, झटकन गार केलं की गुळगुळीत. म्हणून ‘वितळायला सुरुवात’ आणि ‘पूर्ण पातळ’ अशी दोन तापमानं लिहा. थर्मामीटर तपासायला उकळतं पाणी वापरत असाल तर तो १०० दाखवणार नाही. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं.

दुहेरी बंधांची एक किंमतही आहे. हवेतला ऑक्सिजन या बंधांच्या शेजारीच हल्ला करतो आणि तेल खवट होतं. जवसाच्या तेलातल्या निम्म्याहून जास्त मेदाम्लांत तीन-तीन दुहेरी बंध असतात, ते सगळ्यात आधी खवटतं. खोबरेल महिनोन्‌महिने टिकतं. उजेड, उष्णता आणि गंजका डबा, तिन्हींनी हे काम वेगानं होतं.

डाग आणि दुधी पाणी

या दोन ओळखचाचण्या पटकन होतात. शेंगदाणा, खोबरं, खुरासणी आणि तांदूळ वेगवेगळे कुटून पांढऱ्या कागदावर घासा, अर्धा तास वाळू द्या आणि कागद उजेडासमोर धरा. मेदाचा डाग उजेड आरपार सोडतो, कारण कागदाच्या तंतूंमधली हवा जाऊन तिथे तेल बसतं आणि प्रकाश विखुरत नाही. पाण्याचा डागही ओला असताना तसाच दिसतो. घाई केली की तांदळातही मेद ‘सापडतो’.

दुसरी चाचणी : चिमूटभर कूट परीक्षानळीत २ मिली इथेनॉलमध्ये एक मिनिट जोरात हलवा, गाळ बसू द्या, वरचा स्वच्छ भाग २ मिली पाण्यात ओता. दुधासारखा पांढरा रंग आला तर मेद आहे. नळी आधीच ओली असेल तर इथेनॉलमध्ये मेद उतरतच नाही. सॅनिटायझरची जेल चालत नाही, तिच्यातला घट्टपणा आणणारा पदार्थ सगळं बिघडवतो.

परातीत रेणूची लांबी मोजा

सगळ्यांत कमी सामान आणि सगळ्यांत मोठा निकाल याच प्रयोगात आहे. लागतं काय, तर निदान ४० सेंटिमीटर व्यासाची परात, टाल्कम पावडर, ड्रॉपर, इथेनॉल आणि ओलेइक आम्ल. स्वयंपाकाचं तेल इथे चालणार नाही, ते इथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही.

१ मिली ओलेइक आम्लात इथेनॉल घालून एकूण २० मिली करा. त्यातला १ मिली काढून पुन्हा इथेनॉलनं २० मिली करा. आता द्रावणात आम्ल ४०० व्या हिश्शाइतकं आहे. ड्रॉपरनं मोजपात्रात थेंब टाकत १ मिली व्हायला किती थेंब लागतात ते मोजा. समजा ५० लागले. मग एका थेंबाचं आकारमान ०.०२ घन सेंमी आणि त्यातलं आम्ल ०.००००५ घन सेंमी.

परातीत १ सेंटिमीटर पाणी घ्या, ते निवळू द्या, वरून पावडर अगदी विरळ भुरभुरवा. मधोमध, पाण्याला टेकता टेकता, एक थेंब सोडा. पावडर सपकन मागे सरते आणि गोल मोकळी जागा तयार होते. इथेनॉल पाण्यात मिसळून जातं, ओलेइक आम्ल वर एका थराने पसरतं. लगेच दोन-तीन दिशांनी व्यास मोजा. तो सरासरी २० सेंटिमीटर आला, तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी. आकारमानाला क्षेत्रफळानं भागलं की थराची जाडी येते : सुमारे १.६ नॅनोमीटर. पूर्ण ताणलेला ओलेइक आम्लाचा रेणू साधारण २ नॅनोमीटर लांब असतो. म्हणजे रेणू डोकी पाण्यात खुपसून शेपटं वर करून एकेकटे उभे आहेत. बाकामुळे आणि थोड्या तिरकेपणामुळे उंची जरा कमी भरते.

बिघडण्याचं कारण दहात नऊ वेळा परातच असते. भांड्यांच्या साबणाचा अंश राहिला असेल तर तो आधीच पाण्यावर पसरून बसलेला असतो आणि तुमच्या थेंबाला जागाच मिळत नाही. परात गरम पाण्यानं पाच-सहा वेळा खंगाळा आणि नंतर आतून बोट लावू नका, बोटाचं तेलही पुरतं. पावडर जाड पडली की साय धरते आणि वर्तुळ लहान येतं. दुसरा थेंब त्याच पाण्यात टाकू नका. पाणी बदला.

बेंजामिन फ्रँकलिननं लंडनजवळच्या एका तळ्यावर चमचाभर तेल टाकून जवळपास अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालेलं पाहिलं आणि १७७४ मध्ये ते छापलं. भागाकार मात्र त्यानं केला नाही. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर असाच पसरवला. क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. त्यावरून त्यांनी पेशीपटल दोन थरांचं असल्याचं सांगितलं. त्यांच्या मोजमापात चुका होत्या, पण त्या एकमेकींना खोडून गेल्या आणि निष्कर्ष बरोबर निघाला.

बीट सांगतं पेशीपटलाची गोष्ट

पेशीपटलात ट्रायग्लिसराइड नसतं, फॉस्फोलिपिड असतं. ग्लिसरॉलला दोनच शेपटं, आणि तिसऱ्या जागी फॉस्फेटचं, पाणी आवडणारं डोकं. दोन शेपटांतलं एक बहुधा बाकदार असतं. असे रेणू पाण्यात पडले की शेपटं आत आणि डोकी बाहेर ठेवून दुहेरी चादर आपोआप विणतात. सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात या चादरीत प्रथिनं तरंगतात. चादर पातळ राहते ती बाकामुळे. थंडीत कितीतरी वनस्पती आपल्या पटलात बाकदार शेपटांचं प्रमाण वाढवतात. प्राण्यांच्या पटलात कोलेस्टेरॉलची चार कड्यांची ताठर चकती शेपटांमध्ये घुसते आणि चादर फार सैलही होऊ देत नाही, फार घट्टही नाही. वनस्पतींत त्या जागी वेगळी स्टेरॉलं असतात. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं छापलेलं खरंच असतं, पण ते कुठल्याच वनस्पती तेलात नावापुरत्यापेक्षा जास्त नसतं.

बिटाचा लाल रंग पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, कोंडलेला असतो. बाहेर यायला त्याला दोन पटलं ओलांडावी लागतात. एका बिटाचे १ सेंटिमीटर बाजूचे १२ चौकोनी तुकडे करा. गार पाण्यात पाच मिनिटं ठेवून ते पाणी फेकून द्या, असं पाच वेळा. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग आधी जायला हवा. ही पायरी गाळली की थंड पाण्याचा ग्लासही लाल होतो आणि प्रयोग संपतो. मग सहा ग्लासांत प्रत्येकी ५० मिली पाणी २०, ३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंशांना घ्या, प्रत्येकात दोन तुकडे टाका आणि बरोबर पाच मिनिटांनी काढा. ग्लास पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडा.

४० पर्यंत फारसं काही दिसत नाही. ५० च्या पुढे गुलाबी, ६० आणि ७० ला गडद. चादर सैल होते, प्रथिनांचा आकार बिघडतो आणि पटलाला भोकं पडतात. हेच तुकडे २० अंशांच्या पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण घालून ठेवले तरी सावकाश रंग सुटतो, कारण साबणाचे रेणू चादरीतलं एकेक फॉस्फोलिपिड उचलून नेतात.

अकरावीच्या मुलांना याच जागी नेहमी गोंधळात टाकणारी गोष्टही सांगून टाकावी. ऊतक ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लात वाटल्यावर मोठे रेणू गाळात राहतात आणि लहान द्रावणात जातात. लिपिडचा रेणू लहान असूनही ते गाळात सापडतं. वाटताना पटलाचे तुकडे होतात, तुकडे मिटून बारीक पिशव्या होतात आणि पिशव्या पाण्यात विरघळत नाहीत.

साबण

चष्मा, रबरी हातमोजे, उघडी खिडकी. भांडं स्टीलचं. अॅल्युमिनियमचं कधीच नाही, कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. ३५ ग्रॅम पाण्यात १७ ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा घाला. सोडा पाण्यात, पाणी सोड्यात नाही. मिश्रण खूप तापतं, ते ४० अंशांपर्यंत निवू द्या. तेवढ्याच कोमट १०० ग्रॅम खोबरेल तेलात ते ओता आणि पातळ श्रीखंडासारखं दाट होईपर्यंत ढवळा. साच्यात ओता. नुसत्या खोबरेलचा साबण लवकर कडक होतो, १० ते १२ तासांत कापला नाही तर सुरीखाली तुटतो. वापरण्याआधी चार आठवडे वाळवा.

१०० ग्रॅम खोबरेलला पूर्ण साबणीकरणासाठी, म्हणजे सगळे एस्टर बंध तोडून मेदाम्लांचा साबण करण्यासाठी, १८ ग्रॅमच्या थोडं वर कॉस्टिक लागतं, शेंगदाणा तेलाला साडेतेराच्या आसपास. आखूड शेपटांचे रेणू हलके, म्हणून १०० ग्रॅममध्ये त्यांची संख्या जास्त आणि तोडायचे एस्टर बंधही जास्त. वरच्या मापात कॉस्टिक मुद्दाम थोडं कमी धरलं आहे. एका तेलाचं माप दुसऱ्या तेलाला लावलं की साबण हात भाजतो. उघड्या पिशवीतला सोडा हवेतलं पाणी ओढतो, मग वजन बरोबर असूनही सोडा कमी पडतो आणि साबण तेलकट राहतो.

द्राक्षावरची पांढुरकी झाक

मण्यावरची पांढरट पूड म्हणजे औषधाचा अंश, असं समजून गिऱ्हाईक ती चोळून काढतं. बहुतेक वेळा ते द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं. त्यातला मोठा भाग ओलिअॅनोलिक आम्लाचा आणि बाकीचा लांब शेपटांच्या अल्कोहोल व एस्टरांचा. एकमेकांवर चढलेल्या सूक्ष्म पापुद्र्यांसारखं ते बसतं, आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचं टिकू देत नाही. कांद्याच्या पातीवर पाण्याचा थेंब गोळी होऊन घरंगळतो तोही मेणामुळेच. म्हणून लासलगाव पट्ट्यात कांद्यावर फवारताना औषधात स्टिकर, म्हणजे औषध पातीवर पसरवून धरणारं द्रव्य, घालतात. स्टिकरच्या रेणूलाही डोकं आणि शेपूट असतं. पातीवर साध्या पाण्याचा एक आणि साबणाच्या पाण्याचा एक थेंब शेजारी सोडून पाहा, दुसरा पसरतो.

मेणाची ताकद मोजायला मार्चमध्ये थॉम्पसन जातीची, झाक न पुसलेली द्राक्षं घ्या. मणी ओढून तोडू नका, कात्रीनं देठासकट कापा. देठ उपटला की तिथल्या जखमेतून पाणी जातं आणि मोजणी खोटी ठरते. प्रत्येकी २०० ग्रॅमचे तीन वाटे करा. पहिला तसाच. दुसरा साध्या पाण्यात तीन मिनिटं बुडवा. तिसऱ्यासाठी १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट पूर्ण विरघळवा आणि ढवळत ढवळत बारीक धारेनं १५ मिली डिपिंग ऑइल, म्हणजे बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायचं तेल, सोडा. पाणी दुधी झालं पाहिजे. वर तेलाचा तवंग दिसला तर ढवळणं कमी पडलंय. तसंच बुडवलं तर काही मणी तेलकट निघतात आणि काही कोरडेच राहतात. तीन मिनिटं बुडवून निथळा. तिन्ही वाटे जाळीवर, सावलीत, वारा लागेल असे पसरा आणि रोज सकाळी एकाच वेळी वजन करा.

पहिला आणि दुसरा वाटा जवळपास बरोबरीनं रेंगाळतात. तिसरा पहिल्या दोन-तीन दिवसांतच मागे टाकतो. वजन ५० ग्रॅमच्या आसपास आलं की बेदाणा झाला, चार किलोला एक किलो हा व्यापारातला हिशोबही हाच. मेण इथे सोलून निघत नाही. पापुद्रे जागेवरून सरकतात आणि त्यांच्यामधून पाण्याला वाट मिळते. ढगाळ हवा आली किंवा द्राक्षं गोडीला कमी असली की दिवस वाढतात आणि रंग काळपट पडतो. प्रयोगशाळेतली रसायनं वापरली असतील तर हा बेदाणा खाऊ नका.

डिपिंग ऑइलचा मुख्य घटक इथाइल ओलिएट. म्हणजे सुरुवातीला वाकवलेली तीच तार, नवव्या-दहाव्याच्या मध्ये बाक असलेली, फक्त डोक्याला इथाइल गट जोडलेला.